कडू घास

टीव्हीवर कुठलंही युद्ध दिसलं की मला आधी मालनआत्याची परात आठवते.

येमेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा बेगमपुऱ्यातली आमची गल्ली चूक कोणाची यावर भांडत बसली. आत्या मात्र परातीत पिठलं-भाकरी घेऊन आमच्या मागच्या खोलीत गेली. तिथं अम्मार भाड्यानं राहायचा, विद्यापीठात शिकायला आलेला येमेनी पोरगा. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यानं कडू घास न्यायचा असतो, एवढंच तिला ठाऊक.

हे मयताघरचं जेवण, हे कळल्यावर अम्मार गडबडला. "हमारे घर में सब जिंदा हैं, अम्मा."

आत्या खेकसली, "मग जित्या माणसानं उपाशी ऱ्हायचं व्हय? खा!"

तो रडत रडत जेवला. पुढं युद्ध लांबलं, त्याचं घरी जाणंही लांबलं. आत्याच्या शिव्या खात तो मराठी शिकला.

कोरोनात आत्याचे यजमान गेले. घरात आत्या आणि मी, दोघंच. गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. संध्याकाळी आमची कडी वाजली. तोंडाला रुमाल बांधलेला अम्मार डबा घेऊन उभा होता.

"भूक नाय रे," आत्या म्हणाली.

अम्मार थेट तिच्यासारखाच खेकसला, "जित्या माणसानं उपाशी ऱ्हायचं व्हय? खा!"