नाक्यापर्यंतची चाल

तबेला म्हटलं की आमच्या वस्तीत म्हशीच समजतात. मी घोड्यांच्या तबेल्यात काम करतो हे आईने शेजारी सांगितलं, तेव्हा दोघी-तिघींनी दूध कसं लिटर विचारलं. मग आई सांगायला लागली की पोरगा कॉलेज करून एका ऑफिसात जातो. तेही खोटं नव्हतं. तबेल्याच्या फाटकाजवळ पत्र्याची एक खोली होती, तिला सगळे ऑफिसच म्हणायचे.

तबेला कांजूरमार्गच्या खाडीकडच्या बाजूला होता. लोक आपले घोडे तिथे ठेवायचे. खाणं, खरारा, रोजचं फिरवणं हे सगळं तबेल्याकडे, मालकाने हवं तेव्हा यायचं आणि बसायचं. गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे होतं, कारण मला नीट मराठी आणि बऱ्यापैकी इंग्रजी येतं असं मॅडमना वाटायचं. मॅडम म्हणजे तबेल्याच्या मालकीणबाई. साठीच्या पुढच्या, गुडघ्याला पट्टा बांधून सगळीकडे फिरणाऱ्या. इंग्रजीचा मला आतून घामच फुटायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. कुणी चांगलं बोलायला लागलं की तो माणूस बरोबरच असणार असं मला आधी वाटतं. ही सवय अजून गेलेली नाही.

त्यामुळे आमचं एक गिऱ्हाईक, छान बोलणारे सर, मला आवडायचे. त्यांची एक पांढरी घोडी आमच्याकडे होती. सगळे तिला पांढरीच म्हणायचे. घोडी मुलीसाठी घेतलीय असं सर सांगायचे. मुलगी रोज तिची चौकशी करते, मुलीला तिच्या मानेचा वास आवडतो, असं काय काय. मुलीला आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. शनिवार-रविवारी सर टेम्पो आणून पांढरीला कर्जतकडे फार्महाउसवर न्यायचे, मुलगी तिथे येते म्हणून. मला ते माझ्या अभ्यासाबद्दल विचारायचे. मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं, हे मला त्यांनीच शिकवलं.

पांढरीचा पुढचा डावा पाय दुखावलेला होता. डॉक्टरांनी तिला सक्त आराम सांगितला होता, फक्त मातीवर हळू फिरवायचं. तरी सूज उतरेना. एका शनिवारी सर आले, पायावरून हात फिरवला आणि मॅडमना म्हणाले की तुमचा माणूस पट्टी आवळून बांधतो, त्याने पाय गेला.

तो माणूस म्हणजे चाचा, घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार. घोड्यांच्या मागेच एका खोलीत राहायचे. मुंबईत त्यांचं दुसरं घर नव्हतं आणि गावी कोण उरलंय हे ते सांगत नसत. त्यांनी कानाला हात लावून सांगितलं की पट्टी सैल होती. मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण चाचा गवताच्या गंजीजवळ बिडी ओढायचे, आणि विचारलं की धूर नाकातून येत असतानासुद्धा सांगायचे, "हम तो छोड दिये." मग पट्टीचं तरी खरं कशावरून?

मॅडमही गोंधळल्या होत्या. शेवटी त्या चाचांना म्हणाल्या, सोमवारी डॉक्टर येतायत. पट्टीमुळे झालं असं निघालं तर तुम्ही खोली रिकामी करायची. चाचांनी पाण्याची बादली उचलली. सर म्हणाले, तोपर्यंत मी हिला फार्महाउसच्या मोकळ्या गवतावर ठेवतो, इथे माझा भरवसा नाही. आणि ते पांढरीला घेऊन गेले. मला ते बरोबरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझ्या चुलत भावाचं लग्न होतं. घाटकोपरलाच, आमच्या वस्तीपासून चालत जाता येईल अशा हॉलमध्ये. दादाला घोडी नको होती. पांढरा सदरा घालून रिक्षाने जाऊ, बुद्धवंदना घेऊ, लग्न लावू, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण आप्पा, म्हणजे त्याचे वडील, माझे थोरले चुलते, ऐकेनात. आप्पा लहान असताना गावात त्यांचा काका घोड्यावर बसून लग्नाला निघाला होता. वेशीपाशी लोक आडवे उभे राहिले. पुढची गोष्ट आप्पा नेहमी चारच शब्दांत सांगतात, "उतर म्हणाले. काका उतरला."  आम्ही पोरांनी ती इतक्यांदा ऐकलीय की आमच्या घरात बसमधून उतरतानाही आप्पांसमोर कुणी तो शब्द काढत नाही. "आला स्टॉप, चला," असं म्हणतो.

वरातीत वाजवणाऱ्या बेंजोवाल्याच्या ओळखीने आप्पांनी घोडी ठरवली होती. संध्याकाळी ती गल्लीत आली तेव्हा अंगावर लाल मखमलीची झूल, तोंडावर मण्यांची झालर, पायांनाही चमचमती कापडं. मी कौतुकाने पुढे गेलो. तिने मान खाली घातली आणि थेट माझ्या उजव्या खिशात नाक खुपसलं.

त्या खिशात मी रोज गुळाचा खडा ठेवतो. लग्नाच्या नव्या पॅंटमध्ये गूळ नव्हता. पण शोधणारी पांढरी होती.

मी वर बघितलं तर टेम्पोजवळ सर उभे. डोक्यावर टोपी, हातात फोन. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "अरे, तू इथे काय करतोयस?" अशा सुरात विचारलं की पकडला गेलो तो मीच आहे असं मला वाटलं. मी चक्क सांगायला लागलो की भावाचं लग्न आहे, मी मॅडमकडून सुट्टी घेतलीय. ते हसले, अभिनंदन म्हणाले. मी पायाचं विचारलं तर म्हणाले, "पाय ठीक आहे रे. ती नाटकं करते. जवळच तर जायचंय." आणि ते फोनवर बोलत बाजूला झाले. मुलगी फार्महाउसवर वाट बघत असेल का, असा वेड्यासारखा प्रश्न माझ्या मनात आला.

तोपर्यंत दादा वर बसला होता. बेंजो सुरू झाला, बाया ओवाळायला आल्या. आप्पा पुढे चालत होते. ते नाचत नव्हते, पण त्यांची मान मी इतकी ताठ कधी पाहिली नव्हती. आणि मागे पांढरी दर पावलाला मान खाली टाकत होती. लोकांना वाटत होतं ती तालावर डोलतेय. एक मावशी म्हणालीसुद्धा, बघ कशी नाचते. डावा पाय टेकला की मान वर, उजवा टेकला की खाली. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून घोडा असंच करतो. एवढं तबेल्यात राहून मलाही कळायला लागलं होतं.

मी दादाच्या गुडघ्याजवळून चालायला लागलो. काय बोलावं सुचेना. पाणी पितोस का, विचारलं. तो नको म्हणाला. थोडं थांबूया का, विचारलं. तो म्हणाला, आता कशाला? गरम होतंय का, विचारलं. "तुला काय झालंय?" दादा वाकून म्हणाला. मला जे म्हणायचं होतं त्याला मराठीत एकच शब्द आहे. मी दुसरा शोधत होतो.

मग मी म्हणालो, "दादा, उतर."

नेमकं तेव्हाच बेंजोवाल्याचं गाणं संपलं होतं. गल्लीभर ऐकू गेलं.

आप्पा वळले. नाचणारी पोरं थांबली. एक मावसभाऊ म्हणाला, "ह्याला आता बसायचंय वाटतं." कुणी हसलं नाही. मी भराभर सांगितलं की ही आमच्या तबेल्यातली घोडी आहे, पाय दुखावलाय, लंगडतेय, हिला चालवायला डॉक्टरांची मनाई आहे. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. दादाने लगेच रिकिबीतून पाय काढला. पण आप्पांनी हात वर केला.

ते पांढरीजवळ आले, खाली बसले, पायाचं चमचमतं कापड बाजूला करून बघितलं. सूज कुणालाही दिसली असती. ते उठले आणि गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे आमचा नाका आहे, पानवाला आणि रिक्षास्टॅंड.

"नाक्यापर्यंत जाऊ दे," आप्पा हळू म्हणाले. "नाका वलांडला की त्याचा तो उतरंल. हितं नको."

मी बाजूला सरलो. बेंजो पुन्हा वाजला, पण कुणी नाचलं नाही. पांढरी मान टाकत नाक्यापर्यंत गेली, पानवाल्याच्या पुढे गेली, आणि मग दादा आपणहून खाली उतरला. आप्पांनी तिच्या मानेवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. सर कुठे दिसले नाहीत, टेम्पोवालाच पांढरीला घेऊन गेला, आणि हॉलपर्यंत आम्ही सगळे चालत गेलो. वंदनेच्या वेळी मी डोळे मिटले, तरी मला ते तेवढं अंतरच दिसत होतं. मी थांबवायला हवं होतं का? आप्पांना? कोणत्या तोंडाने? मला अजून ठरवता आलेलं नाही.

हॉलमधूनच मी मॅडमना फोन केला. गडबडीत सगळं उलटसुलट सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या ये आणि त्याच्या तोंडावर बोल.

सकाळी निघालो तर आप्पा चपला घालून दारात उभे. "घोडी बघायची," एवढंच म्हणाले. तबेल्यात पोचलो तेव्हा टेम्पोने पांढरीला आणून सोडलेलं होतं. ती पाय उचलूनच उभी होती. चाचा तिच्या पायावर गार पाणी सोडत बसले होते. मागे त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत बांधलेलं गाठोडं दिसत होतं. आप्पा चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या पोत्यावर कोपऱ्यात बसले.

सर आले ते आधीच दुखावल्यासारखे. मॅडमनी लग्नाचं विचारलं, तर त्यांनी नाकारलंच नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यालाच विचारा ना. ह्याच्याच घरच्यांनी मागितली घोडी. मला वाटलं ह्याचं आणि चाचाचं तुमच्याशी बोलणं झालंय. मी तर ह्याच्या भावाचं लग्न म्हणून हो म्हटलं."

डोळ्यांत बघून बोलत होते. मॅडम माझ्याकडे वळल्या. आणि खरं सांगतो, क्षणभर मलाच शंका आली की असं काही मी केलं होतं का. घोडी मागितली आमच्या घरच्यांनी, हे तर खरंच होतं. आमचंच लग्न, आमचाच नाका.

पोत्यावरून आप्पा उठले. त्यांना बघून सरांचा चेहरा बदलला. आप्पा इथे असतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"घोडी मी ठरवली, ह्या पोराला ठाऊक न्हवतं," आप्पा मॅडमना म्हणाले. "हे साहेब बेंजोवाल्यासंगं आले व्हते. म्हणाले, दर रविवारी वरातीला जाती, सवय हाय तिला." मग थोडं थांबून, "नाक्यापर्यंतची चाल माझ्या सांगण्यावरनं झाली. तेवढी माझ्या नावावर घ्या. बाकीची ह्यांची. त्या म्हाताऱ्याचं ह्यात काय न्हाई."

चाचांनी मान वर केली नाही. पाणी सोडत राहिले.

मॅडम भांडतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "घोडी मुलीची ना? मग मुलीला घेऊन या. ती म्हणेल तसं करू."

सर पांढरीकडे बघायला लागले.  मग म्हणाले, "ती आईकडे असते. ती येत नाही." डोळ्यांत न बघता त्यांना बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हे तरी खरं की ह्यातही काही? मॅडमनाही कळलं नसावं, कारण त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या की पाय बरा होईपर्यंत घोडी इथून हलणार नाही, टेम्पो फाटकाच्या आत येणार नाही, आणि पट्टी चाचाच बांधतील. पटत नसेल तर बाकीच्या घोडेमालकांसमोर बोलू. सर निघाले. जाताना पांढरीजवळ थांबून त्यांनी तिच्या मानेत तोंड घातलं, वास घेतल्यासारखं.

दुपारी डॉक्टर आले. पट्टीबद्दल काहीच बोलले नाहीत, खूर उलटा धरून विचारलं, हिला डांबरावर कोण चालवतं? मॅडमनी चाचांकडे बघितलं आणि म्हणाल्या, गाठोडं सोडा आता. चाचा म्हणाले, ते कपडे धुवायला बांधले होते. 

आप्पा आता अधूनमधून येतात. पांढरीला दोरीने मातीवर हळूहळू फिरवतात, तिच्याशी काहीतरी बोलतात. लग्नाचा विषय आम्ही काढत नाही.

सरांचा मला मधेच मेसेज येतो, पाय कसा आहे. मी खरं काय ते कळवतो. परवा त्यांनी एक फोटो पाठवला. सहा-सात वर्षांची मुलगी पांढऱ्या घोडीवर बसलीय, मागे गवत. खाली काही लिहिलेलं नव्हतं. ही पांढरीच आहे का, हे मी फोटो मोठा करकरून बघितलं. पुढचा डावा पाय फोटोत आलेलाच नव्हता.

मी चाचांना फोन दाखवला. ते गंजीआडून बाहेर आले, डोळे बारीक केले आणि छातीठोकपणे म्हणाले, "वही है."

त्यांच्या नाकातून धूर येत होता.