जिन्यात प्यायचं पाणी

दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पेशंटच्या अंगात पाणी साठतं आणि आमच्या युनिटमध्ये किस्से साठतात. पाणी काढायला मशीन आहे. किस्से मात्र अधूनमधून आपणच काढावे लागतात, नाहीतर जीव जड होतो!

मी बंगळूरच्या येलहंका भागातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये डाएटिशियन आहे. माहेर निपाणी, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्हीत रागावता येतं. या नोकरीत दोन्ही लागतात. मूत्रपिंडं थकली की अंगातलं पाणी बाहेर जायची वाटच बंद होते. मग माणूस जे पितो ते आत राहतं, आधी पाय सुजतात आणि नंतर धाप लागते. म्हणून आमच्या पेशंटना पाणी मोजून. आणि म्हणूनच आमच्याकडे एक रीत आहे, पेशंटसमोर कुणी पाणी प्यायचं नाही. डॉक्टर असो की आया, तहान लागली की बाटली घेऊन बाहेर जिन्यात जायचं. हा नियम कुणी केला कोण जाणे, पण नवी नर्स आली की तिला आधी जिना दाखवतात.

*

नागोजीअण्णा आमचे सगळ्यात जुने पेशंट. सिटी बसचे रिटायर्ड कंडक्टर. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलं, पण घरात अजून मराठी. "आमचे पूर्वज घोड्यावरनं आले इथं," असं ते प्रत्येक नव्या नर्सला सांगत. आमचा टेक्निशियन मंजुनाथ म्हणायचा, "आणि तुम्ही ऑटोनं. तोही उशिरा!"

डायलिसिसआधी प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं करतात. गेल्या वेळेपेक्षा वजन जितकं जास्त, तितकं पाणी अंगात. जन्मभर बिनतिकीट प्रवासी पकडलेला हा माणूस काट्यावर चढताना स्वतः बिनतिकीट प्रवाशासारखा इकडेतिकडे बघायचा. आधी चपला काढायच्या, मग घड्याळ, मग पट्टा, मग खिशातल्या किल्ल्या. एकदा काटा तरीही खाली येईना, तेव्हा अण्णांनी तोंडातली कवळी काढून टेबलावर ठेवली!

मंजुनाथ शांतपणे म्हणाला, "अण्णा, कवळी बसवा परत. पाणी प्यालो नाही असं जे सांगताय, ते निदान नीट ऐकू तरी येऊ दे!"

*

मी अण्णांना दिवसाला अर्धी कॉफी मंजूर केली होती. बंगळूरमध्ये हे सोपं. इथे हॉटेलात 'बाय-टू' म्हटलं की एक कॉफी दोन पेल्यांत अर्धी अर्धी करून मिळते. अण्णा शहाण्यासारखे बाय-टू घेत होते, आणि वजन तरी वाढतच होतं.

एका सकाळी मंजुनाथ त्यांच्या घराजवळच्या हॉटेलात डोसा खायला गेला. अण्णा एका मित्राबरोबर उभे होते. बाय-टू झाली, मित्र गेला. दुसरा मित्र आला, परत बाय-टू. तोही गेला. मग अण्णांनी शेजारच्या अनोळखी माणसाला अदबीनं विचारलं, "सर, बाय-टू?"

मी जाब विचारला तर म्हणाले, "म्याडम, दर वेळेला अर्धीच प्यालो की! नियम कुठं मोडला?"

*

अण्णांच्या शेजारच्या बेडवर दीपक. पुण्याचा मुलगा, व्हाइटफील्डच्या कंपनीत इंजिनियर. एका हातात सुया, दुसऱ्या हाताने लॅपटॉप. मशीनचा अलार्म वाजला की मीटिंगमध्ये "सॉरी, मायक्रोवेव्ह" म्हणायचा. शेवटी एक साहेब म्हणाले, "दीपक, तुमच्या घरी जेवायलाच यायला पाहिजे. सारखं काहीतरी शिजतंय!"

या दीपकने पाणी मोजायला स्वतःच ॲप बनवलं. हिरवा रंग म्हणजे ठीक, लाल म्हणजे थांबा. ॲप कायम हिरवंगार, आणि पाय सुजलेले! मी खोदून खोदून विचारलं. इडलीबरोबर वाटीभर सांबार, दुपारी दहीभात आणि वर अर्धं कलिंगड.

"अरे, कलिंगड म्हणजे सगळं पाणीच की!" मी ओरडले.

"मॅडम," तो दुखावल्या आवाजात म्हणाला, "ते मी प्यायलो नाही. खाल्लं!"

पलीकडून अण्णांनी मान डोलावली. "सरी, बरोबर आहे पोराचं. म्याडम उगीच बोलतात."

*

पण मी सगळ्यात जास्त हरले ती सरोजाक्कांपुढे. सरोजाक्का म्हणजे अण्णांच्या बायको. मूत्रपिंडं चालत नसली की रक्तात पोटॅशियम साठतं, आणि ते फार वाढलं तर हृदय बिघडतं. म्हणून मी अक्कांना समजावलं, भाजी बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी काढून टाका. भाजीतलं पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. अक्कांनी मन लावून ऐकलं.

पुढच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम असं चढलेलं, की डॉक्टरांनी धावत येऊन अण्णांना मशीनवर घेतलं. त्या दिवशी मी खरंच घाबरले होते. अण्णा स्थिर झाल्यावर अक्कांना विचारलं, भाजी उकळली का? उकळली. पाणी काढलं का? काढलं. मग त्या पाण्याचं काय केलं?

"सारू केला," अक्का म्हणाल्या. "चिंच घातली, कढीपत्ता, मोहरीची फोडणी. एवढं भाजीतलं सत्त्व, मोरीत ओतायचं? अय्यो, पाप लागेल! ह्यांनीच प्यायला सगळा. अशक्त झालेत नव्हं स्वल्प."

*

त्याच दिवशी मशीन चालू असताना अण्णा मला हळूच म्हणाले, "म्याडम, मला दुसरं काय नको. एक तांब्या पाणी. कुणाला न विचारता, घटाघटा. तेवढं एकदा झालं की बास."

मी उठून जिन्यात गेले आणि बाटली न उघडताच परत आले. अक्का बेडच्या पायाशी बसून सगळं ऐकत होत्या. बाहेर पडताना त्यांनी डॉक्टरांना गाठलं. "माझी एक किडनी घ्या," असं त्यांनी अशा सुरात सांगितलं, जसं काही घरी जास्तीचं पातेलं पडून आहे.

रक्तगट जुळला. बाकी बरंच जुळलं. पण अक्कांचं वजन जास्त आणि रक्तदाब काठावर. मोठ्या हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणाले, वजन आणि बीपी उतरलं तरच ऑपरेशन, नाहीतर नाही.

आता गंमत बघा. माझा डाएट चार्ट अक्कांच्या हातात, आणि पहाऱ्याला नागोजीअण्णा! अक्का पहाटे तळ्याभोवती चालायच्या. अण्णा बाकावर बसून कंडक्टरच्या आवाजात ओरडायचे, "मुंदे होगी, मुंदे होगी! पुढं चला, थांबायचं नाही!" तळ्यावरची बाकीची माणसंही दचकून वेग वाढवायची. अक्कांना पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं. तर हा तहानलेला माणूस भरलेला पेला घेऊन त्यांच्या मागे घरभर फिरायचा. "प्या! अजून अर्धा राहिलाय!"

अक्का आमच्याच काट्यावर वजन करायच्या. सगळे पेशंट माना उंच करून बघायचे. एकदा अक्कांनी हळूच हातातल्या बांगड्या काढल्या, तर अण्णा बेडवरून गरजले, "फसवाफसवी चालणार नाही! बांगड्या घाला आणि चढा!"

मंजुनाथ माझ्याकडे बघतच राहिला.

*

शेवटी अक्का परीक्षेत उतरल्या. वजनही उतरलं आणि बीपीही. ऑपरेशन झालं त्या दिवशी आमच्या युनिटमध्ये कुणी विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच मशीनवर असताना मंजुनाथच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर हिरव्या टोपीतले अण्णा. त्यांनी नर्सला खूण केली आणि तिने लघवीची पिशवी वर धरली. भरलेली! कित्येक वर्षांनी!

असल्या गोष्टीला लोक नाक मुरडतात. आमच्याकडे सगळे रडत होते. दीपकला सुयांचा हात हलवता येईना, म्हणून तो दुसऱ्या हाताने मांडीवर थापा मारत ओरडला, "वन्स मोअर अण्णा, वन्स मोअर!"

*

बऱ्याच दिवसांनी दोघं भेटायला आले. संसर्ग नको म्हणून तोंडावर मास्क, अण्णांच्या गालांवर मांस चढलेलं. सवयीने आधी काट्यावर चढले, चपलांसकट, पट्ट्यासकट. मग प्रत्येक बेडजवळ जाऊन चौकशी करून आले. दीपकजवळ जरा जास्त वेळ थांबले.

मग अक्कांनी पिशवीतून एक पितळी तांब्या काढला आणि घरून आणलेलं उकळून गार केलेलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं. डॉक्टरांनी आता अण्णांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं, पण हा तांब्या त्यांनी इथेच प्यायचा म्हणून राखून ठेवला होता म्हणे. आम्ही सगळे बघत होतो. अण्णांनी तांब्या हातात घेतला, एकदा दीपककडे बघितलं आणि उठून बाहेर चालू लागले.

"कुठं निघालात?" अक्कांनी विचारलं.

"जिन्यात."

आम्हीही मागोमाग गेलो. अण्णा पायरीवर टेकले, मास्क खाली केला, तांब्या ओठापर्यंत नेला आणि थांबले. मंजुनाथकडे हात करून म्हणाले, "एक रिकामा पेला आण."

त्यांनी अर्धं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला अक्कांच्या हातात दिला.

"घ्या," नागोजीअण्णा म्हणाले. "बाय-टू."