घंटा उझैरच्या खिशात

उझैरला हुशार म्हणायचं की वेडा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुप्याच्या एका कारखान्यात आम्ही एकाच खोलीत बसायचो, दोघंही कंत्राटी. तिथलं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सुट्या कप्प्यांत, चालायचं: गेटपासचा एक, वजनकाट्याचा एक, असे चाळीसभर. एखादा बंद पडला की ट्रक गेटवर अडायचे आणि आम्हाला ते ड्रायव्हरच्या शिव्यांवरून कळायचं. उझैरने दोन महिने राबून त्या सगळ्यांवर पहारा बसवला. स्क्रीनवरचा दिवा लाल झाला की त्याच क्षणी मोबाईलवर घंटा.

मोबाईल फक्त त्याचा आणि पासवर्डही त्याच्याकडेच. मी दोनदा मागितला.

"जानेवारीपासनं एकच मानूस ठेवनार म्हनत्यात, आदिनाथ," एवढंच तो म्हणाला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता.

मग त्या घंटेनेच त्याला दावणीला बांधलं. जेवणावरून उठायचा. अंघोळीला मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा. शुक्रवारच्या नमाजेला मोबाईल बंद ठेवावा लागे, मग बाहेर येऊन चपला घालायच्या आधी तो चालू करायचा. साहेब मात्र लई खूश.

डिसेंबरात त्याच्या बहिणीचा, फरहीनचा निकाह होता, नेवाशाजवळच्या त्यांच्या गावी. वडील नाहीत. निकाहात नवरीची संमती तिच्या घरचाच एकजण विचारतो, त्याला वकील म्हणतात, आणि वकील म्हणून भाऊच येईल, असं तिने महिनाभर आधी बजावलं होतं. पण त्यांच्या घरात रेंज नाही. ती मिळते गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. नवी शेरवानी घालून हा पठ्ठ्या तिथं बसला होता.

दुपारी गेटपासचा दिवा लाल झाला. मी कारखान्यातून त्याला फोन लावला. तो मोबाईलवरूनच खटपट करत होता, पण जमत नव्हतं. जिन्यातून कोणीतरी सांगत होतं, काझीसाहेब थांबलेत, फरहीन दुसऱ्या कुणालाच उत्तर देत नाही.

"उझैरभाई, पासवर्ड सांगा. मी बघतो हितलं, तुमी खाली जा."

मला त्याची कीव आली. आणि त्याच वेळी मनात आलं, सांगितला तर माझी नोकरी वाचेल. ते त्याला माझ्या आवाजावरून कळलं असणार.

"दोन मिनिटं," तो म्हणाला.

दिवा हिरवा व्हायला वीस मिनिटं लागली. तोवर फोनवर मला खालची मुबारकबाद ऐकू आली. शेवटी उझैरऐवजी त्यांच्या महमूद चाचांनी वकील होऊन विचारलं होतं आणि तिने हो म्हटलं होतं. तो खाली गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाईजान, रेंज आली का?" हे सांगताना तो माझ्यासमोर रडला.

जानेवारीत मला काढलं. आता सुप्यातच मोबाईल दुरुस्त करतो, दोन वेळा सुखाने जेवतो. ईदला त्याच्या गावी गेलो. माहेरी आलेल्या फरहीनने शीरखुर्मा पुढे केला. उझैर कुठं, असं मी विचारलं, तर तिने नुसतं गच्चीच्या जिन्याकडे बोट केलं.