तोरणमाळचा चढ आणि महागडे प्लग

गॅरेजसमोरून जाताना कच्च्या पेट्रोलचा वास आला की मला तोरणमाळचा घाट आठवतो. आमच्या मालकांची जुनी पेट्रोल गाडी चढावर दम टाकायची आणि दर वेळी मलाच उतरून चालावं लागायचं. त्या उन्हाळ्यात नणंद आणि नंदोई, तिचे यजमान, येणार, म्हणून मालकांनी शहाद्याहून महागडे स्पार्क प्लग आणून बसवून घेतले. "आते तुले उतरनं पडाव नही," म्हणाले. मिस्त्री हात पुसत मला म्हणाला, "काकी, जुना पलग जळेल व्हतात, म्हनीसन गाडी आते झटकन चालू हुई. पन इंजिन म्हातारं शे. सोनाना पलग टाका तरी चढावर म्हातारंच ऱ्हाई." तो खोटा ठरावा असं मलाही वाटत होतं. पाहुण्यांना मागे बसवून तोरणमाळला निघालो त्या सकाळी गाडी एका चावीत सुरू झाली आणि मी पुढे चपला काढून ऐसपैस बसले. घाटाच्या तिसऱ्या वळणावर तापल्या ऑईलचा वास आला आणि गाडी जागीच थरथरू लागली. मालक पुढे बघतच म्हणाले, "उतर." मी म्हटलं, "मांगे दोन जण शेतस, त्यासले सांगा." "पाव्हणासले कसं सांगू?" नणंद खिडकीबाहेर बघत शेंगा सोलत राहिली. मी चपला शोधल्या आणि उतरले. सागाची पानं गळालेली, सावली कुठेच नव्हती. वर पोचले तर मालक बोनेट थोपटत म्हणाले, "देख, यंदा एकच डाव उतरनं पडनं." आता ते नाहीत, गाडीही भंगारात गेली. मी एसटीने जाते. अर्धं तिकीट लागतं आणि चढावर मला कोणी उतर म्हणत नाही.