अण्णांनी न सोडलेलं गाव

अण्णांशी पैज लावली तेव्हाच मी ठरवलं होतं, या खेपेला दयामाया नाही. हृदयाचं ऑपरेशन लवकर करा म्हणून डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, आणि हा माझा बाप म्हणत होता, "मला काय धाड भरलीय?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसली गत. शेवटी मीच चिडून म्हणाले, "डाव मांडा. मी जिंकले तर मुकाट्यानं दवाखान्यात यायचं." ते हसले. या खेळात मी त्यांना एकदाही हरवलं नव्हतं.

खेळ दोघांचा, भावानं परदेशातून पाठवलेला, कुठल्याशा देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचा. एकानं सरकार व्हायचं, त्याच्या सोंगट्या निळ्या. दुसऱ्यानं बंडखोर, त्याच्या लाल. आठ फेऱ्यांनंतर पटावर एक जरी लाल सोंगटी उरली तरी बंडखोर जिंकले. अण्णा कायम लाल. "निजामाची चाकरी आपल्या घरात कुणी केली नाय," म्हणायचे, आणि निळ्या सोंगटीला बोट लावायचे नाहीत. नकाशावरची परकी नावं तोंडात बसेनात म्हणून त्यांनी पेन्सिलनं आपली लिहिली होती: वेरूळ, पैठण, आणि नदीकाठच्या एका टिकलीएवढ्या ठिपक्याला आमचं गाव.

त्या रविवारी शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या घरात दोघांचा चहा तसाच गार झाला. सातव्या फेरीपर्यंत वेरूळ पडलं, पैठण पडलं. अण्णांची एकच सोंगटी राहिली, आमच्या गावात. ते मधूनच छातीवर तळवा ठेवत, मी बघतेय असं दिसलं की काढून घेत.

शेवटच्या फेरीला माझी फौज गावाला भिडली. त्यांनी सोंगटी एक घर मागं, डोंगरात नेली असती तर डाव त्यांचाच होता. पण ते गाव ते सोडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर मी फौज तिकडं वळवली होती.

माझे आजोबा रझाकारांच्या काळात गाव सोडून निजामाच्या सरहद्दीपलीकडच्या, स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पवर गेले. लढायलाच गेले. मागं आजी आणि तान्हं पोर राहिलं. आजी त्याला घेऊन ज्वारीत लपली, आणि तिथंच ते तापानं गेलं. अण्णांचा थोरला भाऊ तो, अण्णा नंतरचे. स्वातंत्र्यसैनिक म्हणून होणाऱ्या आजोबांच्या सत्काराला अण्णा कधी पूर्ण वेळ बसले नाहीत, मधूनच उठून बाहेर जायचे.

बापाच्या दुखऱ्या जागेवरच मी नेम धरला होता. लाज वाटत होती, तरी फासे उचलले.

"अण्णा, तुमची चाल."

त्यांनी सोंगटीवर बोट ठेवलं, डोंगराकडं बराच वेळ पाहिलं, मग बोट काढून घेतलं.

"हितंच राहू दे."

मी फासे टाकले. सोंगटी मेली. जिंकल्याचा आनंद कसला, मला रडूच फुटलं. "निघून जायचं होतं ना अण्णा. जिंकला असता."

"तिथं कुणीतरी थांबायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "जाऊ दे. लाव डॉक्टरला फोन."

मी नंबर शोधत होते तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

"मला आत नेल्यावर तू बाहेर थांबशील ना? चहाला म्हणून पण जाऊ नको."