गाडीमागून चालत आलेले

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. जामसांवलीच्या मारुतीपुढं हात जोडून उभी राहिले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तिथं मी मुलाच्या नोकरीचं मागून परत आले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगून राहिले. ओळखत असता तर जमलं नसतं.

आधी रागाचं सांगते. तेच सोपं आहे.

पांढुर्णा जिल्हा झाला, त्यानंतर तिथं एक सत्काराचा कार्यक्रम होता. माझे मोठे भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, स्टेजवर होते. सौसरात आमचं जुनं किराण्याचं दुकान, दादा एकदा पार्षद, म्हणजे नगरसेवक, होऊन गेलेले, त्यामुळं माईक त्यांच्या हातात येतोच. ते म्हणाले, आम्ही इथले मूळचे. आमच्या वाडवडिलांनी हा मुलूख उभा केला. अन् आज बाहेरून आलेले लोक आमच्या पोरांच्या तोंडचा घास पळवून राहिले. टाळ्या पडल्या. माझ्या कानशिलात रक्त तापलं. मूळचे? आम्ही? अन् ऐका — मीही टाळ्या वाजवल्या. शेजारी जाऊबाई बसल्या होत्या ना.

आम्ही मूळचे नाही. आमचे आजोबा काटोलकडच्या एका खेड्यातून आले. तिकडं धंदा बसला, म्हणून बैलगाडीत मिठाची पोती, तेलाचे डबे, दोन ट्रंका टाकून इकडं सौसरला आले. हे बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला किती वेळा तरी सांगितलं होतं. अन् प्रत्येक वेळी त्यात आणखी एक माणूस असायचा. त्याचं नाव शामराव. बाबूजी नुसतं 'शाम्या' म्हणत. तो त्याच खेड्यातला, हमालीचं काम करणारा. आजोबांनी त्याला सोबत आणलं, कारण पोती उतरवायला माणूस पाहिजे होता. त्याची बायको होती, कडेवर पोरगं होतं. आजोबांचं कुटुंब गाडीत बसून आलं. शामरावचं कुटुंब गाडीमागून चालत आलं. जागा नव्हती म्हणून नाही — गाडीत बसायचं नाही म्हणून.

एक गाव, एक रस्ता, एक गाडी. दोन बिऱ्हाडं. मग सांगा, मूळचं कोण अन् बाहेरचं कोण?

अन् बाहेर म्हणजे तरी कुठलं बाहेर? तेव्हा काटोल अन् सौसर एकाच प्रांतात होते. मध्ये सीमा नव्हती. सीमा मागून आली, भाषेवरून राज्यं पाडली तेव्हा. काटोल महाराष्ट्रात गेलं, सौसर मध्यप्रदेशात राहिलं. शामराव कुठं सीमा ओलांडून आला नव्हता. सीमा त्याच्या मागून आली अन् त्याच्या नातवंडांच्या आडवी पडली. आमच्या नाही पडली. काऊन नाही पडली?

सांगते काऊन. आजोबा आले तर बाजारात आमच्याच जातीच्या एका दुकानदारानं ओसरी दिली. त्यानंच जामीन राहून मालही उधार मिळवून दिला. ओसरीचं दुकान झालं, दुकानामागं घर झालं, घराचा सातबारा म्हणा की पट्टा म्हणा, आजोबांच्या नावावर चढला. बाबूजी नागपूरला शिकायला गेले. मी मास्तरीण झाले. शामराव आला तर त्याला नाल्यापलीकडं झोपडी बांधायला सांगितलं. बाजारातल्या विहिरीवर त्याची बायको येऊ शकत नव्हती. त्यानं आमच्याच दुकानाची पोती वाहिली, त्याच्या पोरानं जिनिंगमध्ये कापूस वाहिला. मग ते बौद्ध झाले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला, पोरं शाळेत गेली. पण जमीन नावावर नव्हती. अन् जमीन नाही तर कागद नाही. कागद नाही तर, तुम्ही इथं कधीपासून आहात हे सिद्ध करा! सत्तर-पंचाहत्तर वर्षं ज्यांच्या पाठीवर गावाचं धान्य चढलं-उतरलं, त्यांनी सिद्ध करायचं. आम्हाला कोणी विचारतसुद्धा नाही.

मला ह्याचा संताप येतो. खरंच येतो. पण हा संताप मी तुमच्यापुढं असा मिरवून राहिले, त्याच्याआड काय आहे ते अजून सांगितलं नाही.

शामरावची नात प्रमिला. माझ्या वर्गातली. आम्ही दोघी एका बाकावर नाही बसलो कधी, पण शाळेतून येताना नाल्यापर्यंत सोबत असायचो. बोरं खायचो. मी तिला भाषेच्या निबंधात मदत करायची, ती मला कबड्डीत वाचवायची. मॅट्रिकनंतर तिचं लग्न झालं, गावातच, सख्ख्या मामाच्या पोराशी, म्हणजे शामरावच्याच नातवाशी; पुढं ती अंगणवाडीत लागली. एकटी असली की ती मला 'मालू' म्हणे, चार लोकांत 'मॅडम'. ते मला बरं वाटायचं. दोन्ही बरं वाटायचं.

तिची पोरगी करुणा अन् माझा रोहित एकाच वर्षी बारावी झाले. रोहितला फार्मसीला जायचं होतं. क्लास लावले, भोपाळला परीक्षेला घेऊन गेलो, नंबर लागला नाही. करुणाचा नर्सिंगला लागला, सरकारी कॉलेजात. प्रमिला पेढे घेऊन आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पेढा घेतला अन् म्हटलं, "छान झालं वं." पेढा मी खाल्ला नाही. मोलकरणीला दिला.

आता फक्त जातीचा पक्का दाखला पाहिजे होता. त्यासाठी हे कुटुंब जुन्या काळापासून इथलंच आहे हे दाखवायचं होतं. कागद नव्हता, म्हणून पटवारी, म्हणजे आमच्याकडचा तलाठी, पंचनामा करायला आला. जुन्या लोकांनी सांगायचं, की हो, आम्हाला माहीत आहे, हे इथलेच. म्हातारे बहुतेक गेले होते. बाबूजीही गेले होते. प्रमिला माझ्याकडं आली. म्हणाली, "मालू, तुझे बाबूजी सांगत जात ना, आपले आजे संगच आले म्हणून. तेवढं बोलून दे. तू मॅडम आहे, तुझं ऐकतीन."

मी म्हटलं, "बोलीन ना. त्यात काय."

पंचनाम्याच्या दिवशी आमच्याच दुकानापुढं खुर्च्या टाकल्या होत्या. दादाही बसले होते. त्यांची पार्षदाची निवडणूक तोंडावर आली होती, अन् ती ते लढत होते 'मूळ गावकरी' ह्या एका शब्दावर. आजोबा शामरावला घेऊन काटोलकडून आले, हे मी त्या खुर्चीवर बसून सांगितलं असतं तर त्या शब्दाचं काय झालं असतं?

इतकी वर्षं मी स्वतःला असंच सांगत आले. भावाचा धाक होता. मी गप्प बसले. बाईमाणूस, गप्प बसले, काय करणार?

पण मी गप्प बसले नव्हते.

पटवाऱ्यानं विचारलं, "मॅडम, आप तो पुराने हो इथले. हे लोक कधीचे?" अन् दादांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. ते फोनवर बोलून राहिले होते. कोणी मला दाबलं नाही, कोणी खूण केली नाही. मी आपल्या मनानं, स्वच्छ आवाजात म्हटलं, "हे नंतर आले. महाराष्ट्रातून. आम्ही मोठे झालो तेव्हा आले असतील."

काऊन? सांगते. कारण माझ्या मनात तो पेढा होता. ह्यांना काय, दाखला मिळाला की सीट मिळते, असं मनात होतं. माझ्या पोराला क्लास लावूनही मिळाली नाही अन् हिच्या पोरीला मिळते! त्या पोरीनं आईबरोबर अंगणवाडीची खिचडी वाटून, नाल्यापलीकडच्या एका खोलीत अभ्यास केला होता, हे मला माहीत होतं. मीच तिला जुनी पुस्तकं दिली होती. सगळं माहीत असून मी बोलले. सीमा, कागद, विहीर — हे जे वर मी तुम्हाला इतक्या तावातावानं समजावलं, ते मला त्या दिवशीही ठाऊक होतं. न कळून केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी कळून केलं.

प्रमिला तिथं नव्हती. तिला अंगणवाडीतून सुट्टी मिळाली नव्हती.

दाखला नाकारला गेला. जागा गेली. कोणी तरी सांगितलं, नागपूरला जाऊन पहा, मूळ तिकडचं आहे ना. करुणा गेली. तिथले म्हणाले, तुम्ही तर मध्यप्रदेशचे. इथले म्हणतात महाराष्ट्राचे, तिथले म्हणतात मध्यप्रदेशचे — मग ही पोरगी जन्मली कुठं, हवेत? अन् माझा रोहित? त्याला आम्ही नागपूरला पैसे भरून घातलं. त्याला कोणी विचारलं नाही, तू कुठला म्हणून. करुणा आता रामाकोन्याला एका खासगी दवाखान्यात आहे. लोक तिला सिस्टर म्हणतात. सलाईन लावते, ड्रेसिंग करते, फरशीही पुसते. सिस्टर होण्याचं शिक्षण तिला मिळालं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी प्रमिलाकडं गेले. सत्काराच्या त्या भाषणानंतर. सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते. ती अंगणात तूर पाखडून राहिली होती. मी म्हटलं, "प्रमिला, तुला एक सांगायचं होतं, करुणाच्या पंचनाम्याचं..."

तिनं सूप थांबवलं नाही.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "तिथं चहा देणारा आमच्या मोहल्ल्यातला होता. त्याच दिवशी सांगून गेला."

म्हणजे तिला सगळी वर्षं माहीत होतं. रस्त्यात भेटलो की विचारायची, बरी आहेस ना. रोहितच्या लग्नात येऊन आहेर देऊन गेली होती. कशी आली असेल? मी तर त्या पंचनाम्यानंतर तिच्या घरची वाटच सोडली होती.

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको इथं. अन् सांगू पण नको. तू सांगून मोकळी होशीन. मी काय करू मंग ते घेऊन?" मग, माझ्याकडं न पाहता, "माह्या दिराच्या पोरीचा पंचनामा आहे सोमवारी. आशाचा. यायचं असन तर तिथं ये. चार लोकांत बोल."

मी गेले. हे मी चांगलं केलं म्हणून सांगत नाही, पुढं ऐका.

ह्या वेळी पटवारी दुसरा होता, तरुण. बुद्धविहारासमोर सतरंजी टाकली होती. आशा आईच्या मागं उभी होती, ओढणीचं टोक पिळत. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझे आजोबा अन् ह्यांचे आजोबा एका गावातून, एका गाडीबरोबर आले. आमचे बसून आले, ह्यांचे चालत. आम्ही जितके इथले तितकेच हे. माझा आवाज चढला होता. कोणी तरी "बराबर आहे मॅडम" म्हणालं. मला, खोटं कशाला बोलू, मोठं बरं वाटलं. आता दादा चिडतील, चिडू देत, असं वाटलं.

पटवाऱ्यानं लिहून घेतलं. मग मागली फाईल चाळली. म्हणाला, "पण मॅडम, अडचण आहे. याच खानदानाच्या मागल्या केसमध्ये उलटं बयान आहे. कोणी तरी बोललं होतं की हे नंतर आले, नाव लिहिलेलं नाही. आता दोन बयान उलटसुलट झाले तर साहेब फाईल परत करतील. ते बोलणारे कोण होते, तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांनी येऊन सांगितलं की चुकलं होतं, तर काम होऊन जाईल."

प्रमिलानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वाट पाहून राहिली होती. तिनं माझं नाव घेतलं नाही. घेऊ शकत होती, घेतलं नाही. तिनं मला जागा करून दिली होती अन् मी फक्त तिथं पाय टाकायचा होता.

मी म्हटलं, "मला नाही ठाऊक."

पटवाऱ्यानं कागद आवरले. आशाची आई विचारून राहिली होती, म्हणजे आता काय, साहेब, म्हणजे आता काय. प्रमिला उठली. आशाच्या हाताला धरून म्हणाली, "चाल बाई, घरी." माझ्या बाजूनं गेली, पदर आवरून, मला लागू नये असा.

फाईल परत आली. आशा संत्र्याच्या तोडाईला जाऊन राहिली यंदा.

तुम्ही म्हणाल, मग तहसीलात जाऊन सांग ना अजूनही. रस्ता मला माहीत आहे. दुकानापासून चालत जाता येतं. पहिल्यांदा मत्सरानं बोलले, दुसऱ्यांदा 'मॅडम' ह्या एका शब्दासाठी. अन् आज हे लिहिताना दादांचं नाव, गावातल्या टाळ्या, राज्यांच्या सीमा, सगळ्यांना आधी पुढं केलं अन् स्वतः मागं उभी राहिले, हेही तुमच्या लक्षात आलं असेल.

ते बयान देणारी बाई मी होते.