खिडकीखालचा खड्डा

विद्यापीठाची माणसं आमच्या कॉलनीत पहिल्यांदा आली तेव्हाच मला त्यांचा राग आला. साताऱ्यातली आमची कॉलनी निवृत्त फौजींची. मधली मोकळी जागा इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. यांना तिथं घराघरांतल्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं होतं आणि त्या खतावर सगळ्यांसाठी भाजीचे वाफे. जोडीला फलक, टोप्या, फोटो. आणि खताचा खड्डा नेमका कुठं, तर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली! मी तोंडावर सांगितलं, "माझ्या खिडकीत घाण नको." प्रकल्पाच्या बाई गोड हसल्या. "काकू, नीट सांभाळलं तर अजिबात वास येत नाही."

मला गोड हसणारी माणसं आवडत नाहीत.

पण खड्डा सांभाळायला त्यांनी आमच्या ह्यांना नेमलं आणि मी गप्प बसले. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यापासून हा माणूस घरात माझ्या डोक्यावर बसला होता. डबे उंचीप्रमाणे लाव, लाटणं जागेवर ठेव, चहाला उशीर का. मी म्हणायचे, "आवं, ही काय बराक हाय व्हय?" की झाला अबोला. खड्डा मिळाला आणि ह्यांची मान ताठ झाली. सकाळी बूट घालून बाहेर. कुणी कचऱ्यात प्लास्टिक टाकलं की अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असा आवाज. मी नाक मुरडत खिडकी बंद ठेवायचे, खड्ड्याला शिव्या घालायचे. पण माझं घर मला परत मिळालं होतं आणि ह्यांनाही उठायला कारण मिळालं होतं.

मग प्रकल्प बघायला कुणी बडे पाहुणे येणार असं ठरलं. फौजेत साहेब येणार म्हटलं की जे हलत नाही त्याला चुना मारायचा, हे ह्यांच्या हाडात मुरलेलं. आदल्या दिवशी कडेचे दगड गेरू-चुन्यानं रंगवले, तोवर ठीक होतं. मग फिनेलचा कॅन आणि चुन्याची पिशवी घेऊन थेट खतावर वाकले.

"आवं, आत गांडुळं हायती न्हवं? मरतील की ती!" मी खिडकीतून ओरडले.

"सफाईनं कुणी मरत न्हाई. तू तुजी भांडी बघ."

पाहुणे आले तेव्हा खड्डा पांढराशुभ्र होता आणि हे शेजारी सावधान उभे होते. "वा, काय स्वच्छता!" पाहुणे म्हणाले. फिनेलच्या वासानं बाईंचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. पण लगेच त्या हसल्या आणि ह्यांना मधोमध उभं करून फोटो काढून घेतला. तेवढ्यापुरत्या त्या बाई मला बऱ्या वाटल्या.

पाहुण्यांच्या गाड्या गेल्या. बाईंनी काठीनं खत उकरलं. गांडुळं आखडून मेलेली. सगळ्या कॉलनीसमोर त्या म्हणाल्या, "काका, सगळं मारून टाकलंत. आता कृपा करून खड्ड्याला हात लावू नका." कालपर्यंत ह्यांना सलाम ठोकणारे शेजारचे हवालदार मान खाली घालून हसले.

"मग मगाशी बोलायचं हुतं, पाव्हण्यांम्होरं!" मी म्हणाले. "फोटूपुरतं ह्ये चालले, आन् आता न्हाई?"

तो फोटो फलकावर अजून आहे. तिथून जाताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आता खड्डा विद्यापीठाची पोरं सांभाळतात. नवी गांडुळं आणली, वाफ्यांत मेथी आली. वास खरंच येत नाही. हे सकाळी बूट घालतात आणि खुर्चीत बसून राहतात. मी मुद्दाम डबे उलटेसुलटे लावून बघितले. चकार शब्द बोलले नाहीत.

परवा मी कचऱ्याची बादली त्यांच्या पुढ्यात आदळली. "जावा, टाकून या. कुणाच्या बापाचा खड्डा न्हाई त्यो."

त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. "मला आता आर्डर न्हाई," म्हणाले.

मीही गेले नाही. बादली दिवसभर आमच्या दोघांच्या मध्ये पडून राहिली. संध्याकाळपर्यंत घरभर वास सुटला, आणि खिडकी उघडायला दोघांतलं कुणी उठलं नाही.